ओढणारा एक, वळवणाराही तोच

घरात नवी गाडी यायची म्हटली की आपल्याकडचे प्रश्न ठरलेले असतात. ॲव्हरेज किती देते? डिकीत किती बॅगा बसतात? मागे बसणाऱ्याला एसी लागतो का? तरुण मंडळी हळूच विचारतात, पिकअप कसा आहे? पण ही गाडी वळणावर रस्ता कसा धरते, हा प्रश्न मी तरी आपल्या कुठल्याही बैठकीत ऐकलेला नाही. माझं पोट याच प्रश्नावर चालतं, म्हणून आज त्याबद्दल लिहिते आहे.

मी मूळची नौबादची. घरात मराठी, शाळेच्या मैदानावर कन्नड आणि बिदरच्या बाजारात दखनी, अशी वाढले. मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि गेली चौदा वर्षं चाकणच्या एका कारखान्यात शॉकअपच्या चाचण्या घेते. नातेवाइकांना माझं काम सांगायचं तर "खड्ड्यात गाडी घालायचा पगार मिळतो" एवढंच सांगते. ते हसतात, पण ते फारसं खोटं नाही.

मागच्या दिवाळीत भाच्यानं दोन वर्षांच्या बचतीतून जुनी गाडी घेतली. २०१६ ची पोलो जीटी टीएसआय. ही गाडी आपल्या चाकणलाच बनायची. तिथे २००९ पासून पोलो तयार होऊ लागली आणि २०२२ मध्ये बंद झाली. पण जीटीला अजून चाहते आहेत, कारण एवढ्याशा गाडीत १०५ अश्वशक्तीचं टर्बो इंजिन. भाच्याचा बेतही ठरलेला होता. स्प्रिंगचे दीड-दोन वेढे कापून गाडी खाली बसवायची, रुंद टायर घालायचे आणि इंजिन रीमॅप करून ताकद वाढवायची. दादाचं म्हणणं, ही पैसे जाळायची हौस आहे. मग दोघंही माझ्याकडे आले. "आत्या, गाडी खाली केली की रस्त्याला चिकटून पळते ना? तूच सांग बाबांना."

प्रश्न फक्त हौसेचा नव्हता. याच गाडीतून महिन्याला एकदा आईला उदगीरला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आणि उदगीरचा रस्ता आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

नौबाद बिदरच्या लाल पठारावर वसलेलं आहे. हा जांभा दगड सच्छिद्र, पाणी मुरू देणारा. बहमनी काळात याच दगडातून कोरत नेलेली आपली सुरंग बावी आज लांबून लोक बघायला येतात. पण पठार उतरून भालकी, कमलनगरकडे निघालं की काळी माती सुरू होते. ती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्या पाठीवरचा डांबरी रस्ता मग सरळ राहत नाही, त्याच्या लाटा होतात. खड्डा दिसतो तरी, लाट दिसत नाही. ऐंशीच्या वेगात ती एकदम पायाखालून उचलते. त्यात वळण असेल तर गाडीची खरी परीक्षा तिथेच होते.

आता आधी ही पुढच्या चाकांची गोष्ट समजून घेऊ. अप्पांच्या तरुणपणी गाडी म्हणजे ॲम्बॅसॅडर किंवा मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी फियाट, म्हणजेच पद्मिनी. दोन्हींचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. पुढची चाकं फक्त वळायची, मागची फक्त ढकलायची. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुढची चाकंच ओढू लागली. मागे ताकद नेणारा लांब दांडा गेला, बसायला जागा वाढली, वजन आणि किंमत कमी झाली. जगात हा रस्ता रुळवला तो १९५९ च्या ब्रिटिश मिनीनं. ती एवढीशी गाडी, पण तिनं १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लो रॅली जिंकून दाखवली. आज आपल्या घरासमोर उभी असलेली छोटी गाडी बहुतेक पुढच्या चाकांनीच ओढली जाते.

पण यात एक मेख आहे. ओढणारी चाकं आणि वळणारी चाकं एकच झाली. टायरची पकड म्हणजे ताटातली एक भाकरी समजा. ओढायला जास्त खाल्ली तर वळायला कमी उरते. हिशोब साध्या वजाबाकीचा नाही, तो काटकोन त्रिकोणाचा आहे. एकूण पकड १०० धरली आणि ६० ओढण्यात गेली, तर वळायला ८० उरते. ८० ओढण्यात गेली, तर ६० उरते. आणि वळणावर ॲक्सिलरेटर दाबून सगळी शंभर ओढण्यात घातली, तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळ नाकासमोर जाते. त्यात वेग वाढवताना गाडीचं वजन मागे झुकतं. म्हणजे ज्या चाकांवर सगळी भिस्त, तीच तेव्हा हलकी होतात.

भाच्याला म्हटलं, तू ताकद वाढवायला निघालास, पण भाकरी तेवढीच आहे आणि खाणारा मात्र तू आणखी एक वाढवतोयस.

दुसरी अडचण अप्पांनी सोडवून दिली. भाचा म्हणाला होता की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जोरात दाबलं की स्टिअरिंग हातातून एका बाजूला ओढलं जातं. याला टॉर्क स्टिअर म्हणतात. इंजिन आडवं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्स एका कडेला. त्यामुळे चाकांकडे जाणारे दोन एक्सल बऱ्याच गाड्यांत लहान-मोठे होतात आणि जोर पडला की दोन्हीकडची ओढ सारखी राहत नाही. त्यात एक चाक डांबरावर आणि दुसरं मुरमावर असेल तर आणखीच. मी हे सांगत होते आणि अप्पा ओसरीवर अडकित्ता चालवत ऐकत होते. म्हणाले, "अगं, एक बैल तेज अन् एक मंद असला की गाडी कधी सरळ जाईल का? ती मंद बैलाकडंच वळणार."

खरंच आहे. बैलगाडीही पुढूनच ओढली जाते आणि ओढणारेच तिला वळवतात. मी विचारलं, "मग अप्पा, तुम्ही काय करायचा?" ते म्हणाले, "जुवाची बांधणी तेज बैलाकडं थोडी सरकवायची. त्याचा हात आखूड होतो, मंदाचा लांब होतो. मग दोघं बरोबरीनं चालतात."

मी चाट पडले. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी वेगवान गाड्यांसाठी जे केलं, त्याचं मर्म हेच तर आहे. आपल्या साध्या गाड्यांत पुढे स्प्रिंग आणि शॉकअप मिळून एक उभा खांब असतो, मॅकफर्सन स्ट्रट. स्टिअरिंग फिरवलं की तो खांब चाकासकट फिरतो. वरची बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट यांना जोडणारी रेघ काढली, तर ती चाकाची बिजागरी. चाकाचा मध्य या बिजागरीपासून जितका बाहेर, तितका ओढीचा हात लांब. घरचं दार आठवा. बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडीजवळ ढकललं तर बोटानं उघडतं. चाकाची ओढ कडीजवळ लागली तर स्टिअरिंगला झटका बसणारच.

मग इंजिनिअरांनी काय केलं? खांब आणि फिरणारा भाग वेगळे केले. खांब जागेवरच राहतो, त्याला जोडलेला एक वेगळा सांधा चाकाला घेऊन फिरतो आणि बिजागरी चाकाच्या मध्याजवळ सरकते. रेनॉनं मेगानच्या आरएस गाडीत हे केलं. फोर्डनं २००९ च्या फोकस आरएसमध्ये तीनशेच्या वर अश्वशक्ती फक्त पुढच्या दोन चाकांना दिली, ती याच जोरावर. होंडाच्या सिव्हिक टाइप आरमध्येही असाच दोन अक्षांचा स्ट्रट आहे. त्याच सिव्हिकनं २०२३ मध्ये जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंगची २०.८३२ किलोमीटरची वळणावळणाची फेरी ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत पूर्ण केली. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचा तो विक्रम होता. ताकद होतीच, पण तेज बैलाचा हात आखूड केला नसता तर ती ताकद चालकाच्या मनगटांशीच भांडत बसली असती.

आता मागच्या चाकांकडे वळू. लोकांना वाटतं, ओढत नाहीत, वळत नाहीत, म्हणजे मागची चाकं नुसती फरफटत येतात. माझ्या मते गाडीचा स्वभाव तिथेच ठरतो.

वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. बाहेरच्या चाकांवर वजन वाढतं, आतल्यांवरचं कमी होतं. टायरची गंमत अशी, की वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. समजा पुढच्या दोन चाकांवर तीनशे-तीनशे किलो आहेत आणि दोघांची मिळून पकड ६०० आहे. वळणावर ते पाचशे आणि शंभर झालं, तर पकड ५६५ च्या आसपास उतरेल. आकडे समजावण्यापुरते घेतलेत, पण तत्त्व पक्कं आहे. वजन जितकं विषम वाटलं जाईल, तितकं त्या जोडीचं नुकसान.

गाडी झुकताना सरकणारं एकूण वजन टाळता येत नाही. पण ते पुढच्या जोडीनं किती सोसायचं आणि मागच्या जोडीनं किती, हे ठरवता येतं. ज्या टोकाचा आडवा ताठपणा जास्त, ते टोक जास्त भार घेतं. म्हणून पुढून ओढणाऱ्या वेगवान गाडीत मागचा अँटी-रोल बार जाड करतात. पोलोसारख्या गाडीत मागची दोन चाकं एका पिळल्या जाणाऱ्या आडव्या तुळईनं जोडलेली असतात, तिथे ती तुळईच ताठ करतात. मग विषम वाटणीचा त्रास मागचं टोक सोसतं, पुढची दोन चाकं जास्त सारखी दाबलेली राहतात आणि त्यांची पकड वाचते. १९७६ मध्ये आलेल्या गोल्फ जीटीआयपासून अशा गाड्यांचे शर्यतीतले फोटो बघा. वळणावर आतलं मागचं चाक चक्क हवेत असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं गाडी उलटणार. प्रत्यक्षात ते चाक आपला भाग पुढच्यांना देऊन बसलेलं असतं.

याचीही सीमा आहे. मागचं टोक फार ताठ केलं आणि भर वळणात चालकानं घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट बाहेर फेकलं जातं. प्यूजोची २०५ जीटीआय जितकी लाडकी, तितकीच या खोडीसाठी प्रसिद्ध. म्हणून सस्पेन्शनच्या कामात एकच गोष्ट टोकाला नेऊन भागत नाही. पुढे थोडं, मागे थोडं, बुश किती कडक, टायर किती रुंद, असं करत करत जमवावं लागतं. आमच्याकडे एकेका शॉकअपची जुळणी महिनोन्महिने चालते.

शॉकअप हा माझा विषय, त्यामुळे दोन शब्द जास्त बोलते. स्प्रिंग गाडी पेलते आणि शॉकअप स्प्रिंगला शांत करतो. पाळण्याला झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. हात लावला की थांबतो. तो हात म्हणजे शॉकअप. आत तेल, त्यात दट्ट्या, दट्ट्याला बारीक छिद्रं आणि त्यांवर पातळ चकत्या. तेलाला अरुंद वाटेनं जावं लागतं, त्यात झोक्याची ताकद उष्णता होऊन संपते. गाडीचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वर-खाली होतं, तर चाक दहा-बारा वेळा. एकाच शॉकअपनं दोघांना सांभाळायचं. अंगाच्या संथ झुकण्याला घट्ट आवरायचं आणि खड्ड्याच्या झटक्याला चाकाला पटकन जाऊ द्यायचं. ते जमलं की गाडी कडक न वाटताही रस्ता धरते.

आणि रस्ता धरणं म्हणजे शेवटी टायर जमिनीला टेकलेला असणं. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. काळ्या मातीच्या लाटेवरून टायर सेकंदाचा दहावा भाग जरी उचलला गेला, तर दोन मीटरांहून जास्त रस्ता त्या चाकाला ना ओढता येतं, ना वळता येतं, ना ब्रेक लावता येतो.

आता स्प्रिंग कापण्याकडे येऊ. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग जास्त कडक होते. पण शॉकअप जुन्या स्प्रिंगच्या मापाचाच असतो, त्याला ही नवी स्प्रिंग आवरत नाही. चाकाला वर-खाली जायला जागा कमी उरते, म्हणजे लाटेवर गाडी रबरी अडवणीवर आपटते आणि त्या क्षणी सस्पेन्शन जवळपास नसल्यासारखंच. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही. चाक पूर्ण लोंबकळलं तर स्प्रिंग जागा सोडू शकते. शिवाय मॅकफर्सनमध्ये गाडी फार खाली बसवली की खालच्या आर्मचा कोन बिघडतो. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीपेक्षा जास्त वेगानं खाली जातो आणि झुकवणारा हात उलट लांब होतो. म्हणजे दिसायला चिकटलेली आणि वागायला सुटलेली. कंपन्याही गाडी खाली बसवतात, नाही असं नाही. रांजणगावात बनलेली २०१५ ची अबार्थ पुंटो साध्या पुंटोपेक्षा खाली होती, १४५ अश्वशक्तीची होती. पण तिथे स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही एकमेकांना जुळवून बदलले होते. करवत चालवली नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी अंगणात घेतली. मी भाच्याला म्हटलं, पुढचा कोपरा जोरानं दाब आणि सोड. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. ठीक शॉकअप असेल तर ती वर येऊन जवळपास तिथेच थांबायला हवी. एका शॉकअपवर तेलाचा ओघळही होता. लोअर आर्मच्या रबरी बुशला चिरा पडल्या होत्या आणि टायर आतल्या बाजूनं जास्त झिजले होते. गाडी नऊ वर्षांची होती, मागच्या मालकानं इंजिन ऑइल वेळेवर बदललेलं, पण खाली वाकून कुणी बघितलं नव्हतं. भाचा गप्प झाला. मग त्यानंच वही काढली. चार शॉकअप, वरच्या बेअरिंगा, बुश, चांगले टायर, अलाइनमेंट. रीमॅपसाठी जमवलेल्या पैशांत हे सगळं बसलं आणि थोडे उरलेही. दादानं यादी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाला, "टायरचे पैसे मी देतो." आमच्या दादाच्या भाषेत हा मोठा संवाद आहे.

जानेवारीत आईला दवाखान्यातून आणताना अंधार पडला. आपल्याकडे उसाचा हंगाम म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, बाहेर आलेलं उसाचं वाढं. वळण संपता संपता अशीच एक ट्रॉली पुढे उभी होती, पंक्चर झालेली. भाच्यानं ब्रेक लावत गाडी उजवीकडे घेतली आणि लगेच परत डावीकडे आणली, तीही नेमकी एका लाटेवर. मागे आई आणि अप्पा बसलेले. गाडी एकदा झुकली, एकदा सावरली आणि सरळ झाली. घरी पोचल्यावर त्यानं मला फोन केला. आवाज अजून कापत होता. वेग साठच्या आत होता, आणि ते निभावण्याचं पहिलं कारण तेच, हे मी त्याला बजावून सांगितलं. पण दुसरं कारण त्याला सांगायची गरज नव्हती. आई मात्र दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगत होती, पोरानं गाडी छान चालवली, पिशवीतली केळीसुद्धा चेपली नाहीत.

आपल्या भागातली किती तरी मुलं बिदर-भालकीच्या कॉलेजांत इंजिनिअरिंग शिकतात आणि त्यांच्या फोनमध्ये वेगवान गाड्यांचे व्हिडिओ भरलेले असतात. त्या आवडीला नावं ठेवायला मी हे लिहिलेलं नाही. मीही त्याच आवडीवर जगते. माझं म्हणणं एवढंच, की सस्पेन्शन गाडीत ताकद घालत नाही, ते चारही चाकांना कामाची नीट वाटणी करून देतं. पुढच्या चाकांवर ओढण्याचं आणि वळण्याचं दुहेरी ओझं असतं, म्हणून मागच्यांनी झुकण्याचा भार उचलायचा. घरात कमावणारा आणि निर्णय घेणारा एकच माणूस असला की काय होतं, ते आपण बघतोच. त्याचा जोर वाढवून उपयोग नसतो, बाकीच्यांना कामाला लागावं लागतं.

तेव्हा मुलांनो, जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा बोनेट उघडण्याआधी चारही कोपरे दाबून बघा. हात टायरच्या आतल्या कडेवरून फिरवा. शॉकअपवर ओघळ आहे का, बुशला चिरा आहेत का, ते टॉर्च लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. आणि घरात ज्यांनी बैलं हाकलीत असे कुणी आजोबा असतील, तर त्यांना सोबत न्या. दुकानदाराला न सुचलेला एखादा प्रश्न ते नक्की विचारतील.